गाडी चालू होत नाही : बॅटरी बदलण्याआधी तपासणीचा क्रम

किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली नाही, की पुढच्या पाच मिनिटांत आपण सगळे सारखेच चुकतो. पुन्हा किल्ली फिरवतो, मग जास्त जोरात फिरवतो, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून फिरवतो. दहा-पंधरा सेल्फ मारून झाले की चांगली असलेली बॅटरीही बसते आणि मूळ दोष कुठला होता हे कळायची वाटच बंद होते. मग नवी बॅटरी येते. तरी काम झालं नाही तर स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, खाली उतरतो. शेवटी दोष निघतो एका ढिल्या नटात.

‘गाडी चालू होत नाही’ ही एक तक्रार नाही, त्यात निदान सहा तक्रारी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. आपली तक्रार कुठली हे पहिल्याच सेल्फला ठरवता येतं, पण त्यासाठी कान मोकळे हवेत.

## तयारी

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला घ्या. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा. जागा उताराची असेल तर चाकाला दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात तापून बोट भाजते.

जवळ असाव्यात अशा वस्तू: डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, १० आणि १३ नंबरचे पाने, वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर, गाडीचं मॅन्युअल, आणि किल्ली फिरवायला एक माणूस. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

बॉनेट उघडण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. गाडी चालता चालता बंद पडली की उभी होती ती चालू झाली नाही? इंजिन गरम होतं की गार? गेल्या काही दिवसांत गाडीचं कुठलं काम झालं, अगदी म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म बसवण्याइतकं किरकोळ का असेना? शेवटी इंधन कधी भरलं? काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी अडली असेल, तर आधी तिथेच बघा.

इशारा: गाडी पाण्यातून गेली असेल आणि तिथेच बंद पडली असेल तर एकही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी ओढूनच न्यायची.

## टप्पा १ : एकच सेल्फ, कान देऊन

आतला दिवा लावा. काच खाली घ्या, पंखा आणि गाणी बंद करा. किल्ली ‘ऑन’वर आणून तीन सेकंद थांबा, डॅशबोर्डवरचे दिवे बघा. मग तीन-चार सेकंदच सेल्फ मारा. काय झालं ते यातलं एक असेल:

1. दिवेच लागले नाहीत, सगळं मेलेलं. बॅटरी पूर्ण उतरली, टर्मिनल सुटलं किंवा मुख्य फ्यूज उडाला. टप्पा ३.
2. दिवे लागले, पण सेल्फला आवाजच नाही. आधी टप्पा २, मग टप्पा ५.
3. कट-कट-कट असा भराभर आवाज. बॅटरी कमजोर किंवा जोडणी ढिली. टप्पा ३ आणि ४.
4. एकच ‘टक्’ आणि शांतता. जोडणी, स्टार्टर किंवा जाम झालेलं इंजिन. टप्पा ४ आणि ५.
5. इंजिन रडत रडत, जड फिरतं. टप्पा ३ आणि ४.
6. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं पण पेट घेत नाही, किंवा घेऊन लगेच बंद पडतं. टप्पा ६.

सेल्फ मारताना आतल्या दिव्याकडेही बघा. दिवा पार विझला तर करंट कुठेतरी अडतोय, म्हणजे बॅटरी किंवा टर्मिनल. थोडा मंदावला तर स्टार्टर करंट ओढतोय. तसूभरही बदलला नाही तर स्टार्टरपर्यंत करंट पोचतच नाही किंवा स्टार्टर आतून तुटला आहे. मीटर नसेल तेव्हा एवढ्यावरही बरंच कळतं.

तपासा: सहाव्या प्रकारात बॅटरी बदलण्यात अर्थ नाही. इंजिन जोमाने फिरतंय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही आपलं काम करतायत. सगळ्यात जास्त पैसे याच ठिकाणी वाया जातात.

## टप्पा २ : लाज वाटेल अशा तपासण्या

या वगळू नका. अनुभवी माणसंही इथेच फसतात.

क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा. खाली पायपुसणं सरकलं असेल तर क्लचचा स्विच लागत नाही आणि स्टार्टरला हुकूमच जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये पार्कऐवजी न्यूट्रलला घेऊन सेल्फ मारा. तसं चालू झालं तर गिअरच्या दांड्याचा स्विच खराब आहे. बटणाच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का ते कोणालातरी बघायला सांगा. न लागल्यास ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज संशयित.

डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून बघा. रिमोटचा सेल उतरला असेल तर किल्ली ठरावीक जागी, बऱ्याच गाड्यांत स्टार्टच्या बटणालाच, टेकवून चालू करता येते. जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आणि इंधन. काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीतला फ्लोट अडकला की काटा पाव टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात. सिलिंडर भरलेला आहे म्हणून पेट्रोल तळाला ठेवणाऱ्यांची गाडी एके दिवशी अशीच अडते, वर टाकीतला कोरडा चाललेला इंधन पंपही जळतो.

## टप्पा ३ : बॅटरी मोजा, अंदाज नको

हॉर्न वाजतो, हेडलाइट लागतो, म्हणजे बॅटरी ठीक, हा समज सोडा. हेडलाइटला १० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. स्टार्टर त्याच्या दहा-वीस पट ओढतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी नुकतीच चालवली किंवा चार्ज केली असेल तर हेडलाइट एक मिनिट लावून बंद करा, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. मग टोकांवर मोजा:

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण चार्ज
- १२.४ च्या आसपास: पाऊण
- १२.२ च्या आसपास: निम्मी
- १२.० च्या खाली: उतरलेली

आता खरी परीक्षा. मीटर तसंच लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ वर कोसळली, तर ती आतून गेलेली आहे. चार्ज करूनही असंच झालं तरच बदला. आणि आकडा ११.५ च्या वर राहूनही स्टार्टर फिरत नसेल तर बॅटरी निर्दोष आहे, करंट तिच्यापुढे कुठेतरी अडलाय.

दुसऱ्या गाडीवरून जम्प द्यायचा क्रम: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बॅटरीवर नको. काढताना बरोबर उलटा क्रम. जोडल्यावर लगेच सेल्फ मारू नका, पाच मिनिटं थांबा.

इशारा: फुगलेल्या, गळणाऱ्या किंवा गोठलेल्या बॅटरीला जम्प देऊ नका. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. धक्क्यावर चालू होणारी गाडीही पेट न घेता लांबपर्यंत ढकलली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते.

## टप्पा ४ : टर्मिनल आणि अर्थ

माझ्या मते हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच बहुतेक जण टर्मिनल हाताने हलवून उरकतात. मी स्वतः एकदा एका गाडीचा स्टार्टर दोनदा उतरवला आणि दोन्ही वेळा तो टेबलावर झकास फिरला. दोष होता इंजिनकडून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या पट्टीत. ती रंगाच्या थरावरच आवळलेली होती. त्या दिवसापासून स्टार्टरला हात लावण्याआधी मी अर्थ मोजतो.

हिशेब बघा. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असताना वाटेत फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी तिथे ३ व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरीकडे १०.५ असले तर स्टार्टरला साडेसातच मिळतात. एवढा बारीक अडथळा मीटरच्या ओहमवर दिसत नाही, आणि बीप तर केबलची एकच तार शाबूत असली तरी वाजते. म्हणून करंट वाहत असताना व्होल्ट किती गळतात ते मोजायचं.

1. इंजिन चालू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज काढा.
2. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, क्लँपवर नाही. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा.
3. एक पिन प्लसच्या खुंटावर, दुसरी स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारा. ०.५ च्या आत हवा.
4. जास्त आला तर खुंट ते क्लँप, क्लँप ते केबलचं टोक असं तुकड्या-तुकड्याने मोजत जा. खुंट आणि क्लँपमध्ये ०.१ पेक्षा जास्त दिसलं की दोष सापडला.

मोजमाप सेल्फ चालू असतानाचंच घ्या. नुसतं धरून बघितलं तर कितीही गंजलेली केबल शून्यच दाखवते.

साफ करताना आधी मायनस काढा, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, खुंट आणि क्लँपच्या आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा. व्हॅसलिन किंवा ग्रीस नंतर वरून लावायचं, मध्ये नाही.

## टप्पा ५ : स्टार्टरला हुकूम पोचतो का?

स्टार्टरवर दोन जोडण्या असतात. जाड केबल थेट बॅटरीची. बारीक वायर किल्लीचा हुकूम आणते. मीटरची काळी पिन इंजिनला, लाल बारीक वायरच्या टोकाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा.

१० व्होल्टच्या वर आले आणि स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो किंवा गप्प राहतो, तर टप्पा ४ चे आकडे चांगले आल्यावर दोष स्टार्टरचा: कार्बन ब्रश झिजले किंवा सोलेनॉइडचे (स्टार्टरवरच्या, जाड करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळले. स्टार्टरच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकल्यावर फिरला तर बहुधा ब्रशच. ही युक्ती घरी पोचण्यापुरती.

काहीच आलं नाही तर दोष अलीकडे: स्टार्टरचा फ्यूज, रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), क्लच किंवा गिअरचा स्विच, किल्लीचा स्विच, इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी यंत्रणा). रिलेसाठी सोपा उपाय म्हणजे फ्यूजबॉक्समधलाच, त्याच नंबरचा दुसरा रिले काढून तिथे लावणं. हॉर्नचा बऱ्याचदा जुळतो.

स्टार्टर दोषी ठरवण्याआधी इंजिन जाम नाही ना ते बघा. किल्ली काढून खिशात टाका, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. जड का होईना पण फिरलं पाहिजे.

इशारा: स्टार्टरचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून सेल्फ मारण्याची पद्धत बघितली असेल. त्यात क्लच आणि गिअरची सगळी सुरक्षा टळते. गाडी चुकून गिअरमध्ये असेल तर अंगावर येते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टार्टर बघायला शिरू नका.

## टप्पा ६ : फिरतं, पण पेट घेत नाही

इथून तपास बदलतो. पेट्रोल इंजिनला इंधन, वेळेवर ठिणगी, हवा आणि सिलिंडरमधला दाब एवढंच लागतं. काय कमी पडतंय ते शोधायचं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

आधी आवाज. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, एकसुरात फिरतंय, त्यात नेहमीची दाबाची लय नाही? लगेच थांबा, व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. बऱ्याच इंजिनांत ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतले भाग दिसतात. सेल्फ मारताना ते हलत नसतील तर शंका पक्की. पुढचा प्रत्येक सेल्फ व्हॉल्व्ह वाकवू शकतो.

मग आरपीएमचा काटा. सेल्फ मारताना बऱ्याच गाड्यांत तो थोडा, दीड-दोनशेपर्यंत, उचलतो. नेहमी उचलणारा काटा आज शून्यावर बसला असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) संशयित. स्कॅनरवर हे जास्त खात्रीने दिसतं. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने गार होऊन आपोआप चालू होणारी गाडी बहुतेक वेळा याच सेन्सरची असते.

मग इंधन पंप. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘हुंऽऽ’ असा आवाज येतो. काही गाड्यांत दार उघडतानाच पंप चालतो, तेव्हा कान तिथे ठेवा. आवाज नसेल तर क्रमाने फ्यूज, रिले, काही गाड्यांत असलेला धक्क्याने तुटणारा इंधनाचा स्विच, मग पंपाच्या प्लगवर व्होल्ट. व्होल्ट येतात पण पंप गप्प, तरच पंप.

इशारा: दाब बघायला इंधनाची नळी सोडू नका. साध्या पेट्रोल इंजेक्शनमध्येही ३-४ बार दाब असतो आणि फवारा थेट गरम इंजिनवर उडतो. कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, रेलमधून, डिझेल देणारी पद्धत) हाच दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, तो फवारा कातडी भेदून आत शिरतो.

मग वास. पाच सेकंद सेल्फ मारून सायलेन्सरजवळ जा. पेट्रोलचा वास येतोय, प्लग ओले आहेत: इंधन पोचतंय, ठिणगी नाही किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे जादा पेट्रोलने प्लग भिजलेत. वासच नाही: इंधन पोचत नाही.

फ्लड होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गार इंजिन चालू करून गाडी चार फूट हलवणं आणि लगेच बंद करणं. उपाय: अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून धरा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत यामुळे सेल्फपुरते इंजेक्टर बंद होतात आणि नुसती हवा जाऊन प्लग वाळतात. इंजिन पकडताच पाय सोडा. पाय दाबून पंप करण्याची कार्ब्युरेटरच्या काळातली सवय इथे काही कामाची नाही.

ठिणगी बघायला स्पार्क टेस्टर वापरा. प्लग हातात धरून बघण्याचा प्रकार बंद करा. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि सिलिंडरच्या उघड्या भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला तीच ठिणगी पेटवते.

स्कॅनर असेल तर पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे, पी०३४० कॅम सेन्सरकडे, पी०२३० इंधन पंपाच्या सर्किटकडे, पी००८७ इंधनाच्या कमी दाबाकडे बोट दाखवतो. पण कोड म्हणजे भागाचं नाव नव्हे. पी०३३५ तुटलेल्या वायरनेही येतो. बॅटरी उतरलेली असताना तर नाही नाही ते कोड येतात. ते लिहून घ्या, पुसा, बॅटरी चार्ज करा आणि पुन्हा आलेले तेवढेच खरे धरा.

चालू होऊन दोन सेकंदांत बंद? किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय तर इमोबिलायझर. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरल्यावर टिकते, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनची हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) काजळी किंवा हवेची नळी सुटलेली. दाबूनही मरते, तर इंधनाचा दाब.

डिझेल असेल तर सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही: हीटर प्लग (गार डिझेल इंजिन आतून तापवणारे), मंद सेल्फ किंवा सिलिंडरमधला कमी दाब. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. फिल्टर बदलल्यानंतर किंवा टाकी कोरडी झाल्यानंतर असं झालं तर लाइनने एअर घेतलीय. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. कॉमन रेलला रेलमध्ये पुरेसा दाब झाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत, आणि तो दाब सेल्फच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणून थोडी कमजोर बॅटरी इथे इंधनाच्या दोषासारखी दिसते. स्टार्टिंग स्प्रे हीटर प्लगच्या इंजिनात मारू नका, तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फोडतो.

## टप्पा ७ : चालू झाली, तरी इंजिन बंद करू नका

मीटर पुन्हा बॅटरीवर. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. बारा-साडेबाराच दिसले आणि रेस करूनही वाढले नाहीत तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि उद्या हीच गोष्ट पुन्हा होणार.

चार्जिंग बरोबर असून बॅटरी रात्रीत उतरत असेल तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. मायनस काढून मीटर १० अँपिअरवर, खुंट आणि केबलच्या मध्ये जोडा. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, तिचे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आलं पाहिजे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्याच लाइनवर दोष. मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

एवढं करूनही अडलंच तर मेकॅनिकला फोन करताना ‘गाडी बंद आहे’ एवढंच सांगू नका. असं सांगा: “सेल्फ चांगला फिरतो, बॅटरी १२.५, सेल्फला १०.४, आरपीएमचा काटा उचलतो, पंपाचा आवाज नाही, फ्यूज ठीक, रिले बदलून बघितला.” ऐकणारा येताना स्टार्टर नाही, पंप तपासायचं सामान घेऊन येईल.